अव्वाच्या गळ्यातलं

त्या उन्हाळ्यातलं मला जे आठवतं ते सगळं हिरव्या पडद्यातून बघितल्यासारखं आठवतं. आमच्या बायकांच्या वॉर्डात दर दोन खाटांमध्ये तसा पडदा होता, धुऊन धुऊन विरलेला. दुपारी खिडकीतून आलेलं ऊन त्यातून गाळून उतरायचं आणि खाटा, सलाईनच्या बाटल्या, पेशंटचे चेहरे, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं फिकट हिरवं व्हायचं. बाहेर सोलापूरचं ऊन माणसाला भाजून काढत असायचं. वॉर्डात शिरलं की तेच ऊन पेंगायला लागायचं. डॉक्टरांचा राउंड संपलेला, जेवणं झालेली, पंखे कुरकुरत फिरताहेत, पेशंट झोपलेल्या आणि त्यांच्या सोबतीला आलेल्या बायका खाटेखाली सतरंजी टाकून त्यांच्याहूनही गाढ झोपलेल्या. अशा वेळी टेबलाशी बसून मी नुसती बघत राहायची. कुणी झोपेत कानडीत बोलायचं, कुणी तेलुगूत, कुणी दखनीत अल्लाला हाक मारायचं. सगळ्या वॉर्डात आपण एकटीच जागी आहोत, ही भावना मला फार आवडायची.

अव्वा आली ती अशाच एका दुपारी. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून तिचं गाव. साठी उलटलेली, अंगानं काटकुळी, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. पित्ताशयात खडे झाले होते, ते काढायचं ऑपरेशन होतं. बीपी बघायला मी तिच्याजवळ गेले तर तिनं माझं मनगट धरून विचारलं, "तंगी, ऑपरेशन लई दुखतंय काय गं?" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. माझ्या आईच्या वयाची बाई मला धाकटी बहीण म्हणते याचं मला हसू आलं. मग मीही तिला अव्वा म्हणायला लागले. आईला कानडीत अव्वा म्हणतात, एवढं सोलापुरात वाढलेल्या कुणालाही येतं.

तिचा मुलगा जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन राहत होता, चांगल्या नोकरीत होता. आईची काळजी त्याला खरोखर होती, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्याच्याबद्दल फारसं बरं बोलणार नाही. तो आल्यावर पहिल्यांदा खाटेखालची चादर झटकायचा, आईचे पाय दाबायचा आणि मग आम्हा सगळ्यांवर ओरडायला लागायचा. पंखा हळू का फिरतो, डॉक्टर अजून का आले नाहीत, पाणी गार का नाही. मोठ्या हॉस्पिटलात आईला आणलंय तर आवाजही मोठा हवा, असा काहीतरी त्याचा समज होता.

अव्वाच्या गळ्यात इष्टलिंग होतं. लिंगायत घरांत दीक्षेच्या वेळी गुरूंच्या हातून ते मिळतं. चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं गळ्यात बांधतात आणि मग जन्मभर ते अंगावेगळं करायचं नसतं. आमच्याकडं अशा पेशंट नेहमीच्याच. पण ऑपरेशनला जाताना अंगावर काहीच ठेवता येत नाही. दागिने असले तर नातेवाइकांच्या ताब्यात देऊन त्यांची सही घेतात. पण हा दागिना नव्हे, याची कुणाकडून आणि कसली सही घेणार? म्हणून माझी एक पद्धत होती. मी पडदा ओढायची, "गळ्यातलं तुमच्या माणसाकडं द्या" म्हणायची आणि पाठ करून उभी राहायची. त्यांचं ते सोडणं, डोळ्यांना लावणं, पुटपुटणं होईपर्यंत मी भिंतीकडं बघत असायची. "झालं का?" "झालं." मग वळायची.

बाकीच्या सिस्टर म्हणायच्या, हिला पेशंटच्या मनाचं किती कळतं. कळायचं, नाही असं नाही. पण पाठ फिरवण्याचं खरं कारण दुसरं होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका बाईनं माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, आडनावाशी जरा थांबली, गळ्यातलं मुठीत झाकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही नको. दुसऱ्या सिस्टरला पाठवा." आम्ही बौद्ध. आडनाव वाचून माणूस किती झटकन आपल्याला कुठल्या खणात टाकतो, हे मला शाळेपासून ठाऊक होतं, तरी पांढऱ्या युनिफॉर्मवर ते चालणार नाही असं मी आपलं धरून चालले होते. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर मला रडल्याचाच राग आला. तेव्हापासून कुणी 'नको' म्हणायच्या आत मीच पाठ फिरवायला लागले. त्यात निम्मा मान होता आणि निम्मा माझा तोरा.

ऑपरेशनच्या दिवशी अव्वाचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी तिला शांत वाटायची गोळी दिली आणि दुपार होईतो तिचे डोळे जड झाले. मुलगा आणि सून दोघंही खाली औषधं आणायला गेलेले, पण सून पडद्यापलीकडं असेल असं मी धरून चालले. शेजारच्या खाटेवर माढ्याकडची एक बाई होती, तिचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. चांगली धिप्पाड, घसघशीत आवाजाची. तिला त्याच दिवशी घरी सोडलं होतं आणि ती पिशव्या बांधून, गावाकडून गाडी येण्याची वाट बघत बसली होती. मी अव्वाभोवती पडदा ओढला, तिला थिएटरचा हिरवा गाऊन दिला, नेहमीचं वाक्य म्हटलं आणि भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर उन्हाचा एक तुकडा थरथरत होता. मागं बांगड्या वाजल्या, कानडीत हळू आवाजात बोलणं ऐकू आलं. मला वाटलं, मंत्र म्हणतेय. ते जरा लांबलं, पण मी वळले नाही.

"झालं का, अव्वा?"

"झालं गं, तंगी."

गळा मोकळा होता. तेवढ्यात वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर घेऊन आले आणि थिएटरमधून फोन आलाय, चला चला, म्हणून घाई करायला लागले. कुणाकडं दिलं, हे मी विचारलं नाही. ते विचारणं माझ्या पद्धतीत बसत नव्हतं.

संध्याकाळी अव्वा थिएटरमधून परत आली. भुलीतून अर्धवट बाहेर आलेली माणसं कुठून तरी लांबून बोलतात. त्यांचे शब्द आधी येतात आणि ती स्वतः मागून. मुलानं तिच्या गळ्याला हात लावून बघितलं आणि विचारलं, "अव्वा, गळ्यातलं कुटाय?"

"सिस्टर पडदा लावली," अव्वा म्हणाली. "सिस्टर..."

एवढंच. मी त्या वेळी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होते, मला ते नंतर कळलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजेक्शन घेऊन तिच्या पायथ्याशीच उभी होते. अव्वा आता चांगली शुद्धीवर होती. मुलानं पुन्हा विचारलं. तिनं एकदा त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग डोळे मिटून घेतले आणि सावकाश म्हणाली, "सिस्टर घेतली."

 मी म्हटलं, "अव्वा, मी? मी तर पाठ करून उभी होते की." तिनं डोळे उघडले नाहीत. मुलगा उठून माझ्यासमोर आला आणि माझ्या छातीवरची पट्टी वाचायला लागला. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मला त्याच्या डोळ्यांत ते सगळं जुळताना दिसलं. मग तो सरळ ऑफिसकडं गेला.

तक्रारीत लिहिलं होतं की, मी त्याच्या आईच्या गळ्यातलं लिंग जबरदस्तीनं ओढून काढलं, तिच्या धर्माचा अपमान केला आणि ते कुठंतरी टाकून दिलं. दुपारपर्यंत त्याच्या ओळखीची चार माणसं आली. एकानं वॉर्डाच्या दाराशी मोबाईल धरून चित्रण सुरू केलं. बायकांचा वॉर्ड म्हणून आत कॅमेरे नाहीत, आणि असते तरी पडद्याआडचं काय दिसणार होतं! शेजारच्या खाटेवर माढ्याच्या बाईच्या जागी कुणीतरी नवीन पेशंट आली होती. तिला विचारण्यात अर्थ नव्हता, आणि आदल्या दिवशीच घरी गेलेल्या बाईला काही विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. गादी उचलून झाली, धुणं उलटंपालटं करून झालं, कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा मामांनी उपसल्या. काही सापडलं नाही.

मला ऑफिसात बोलावलं. मोठे डॉक्टर होते, मेट्रन मॅडम होत्या. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना फक्त दाराशी उभी असलेली ती माणसं लवकरात लवकर जायला हवी होती. त्यांनी कागद पुढं सरकवला. कपडे बदलताना चुकून निसटलं असावं, शोधूनही सापडलं नाही, भावना दुखावल्याबद्दल मनापासून माफी मागते. खाली माझं नाव आधीच टाइप केलेलं.

"सही कर गं," मॅडम म्हणाल्या. "दोन ओळींचा तर प्रश्न आहे."

"मॅडम, त्या दोन ओळींत मी चोर ठरते."

"चोर कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नाही. पण उद्या ती माणसं हाच कागद नाचवत फिरतील. मी हात लावलेला नाही. माझी सही मिळणार नाही."

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते. त्या दिवशी मी आणखीही बरंच बोलले, ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले की, पेशंटचे टाके निघून ती घरी जाईपर्यंत वाट बघू. तोवर वस्तू सापडली नाही आणि माफीनामाही आला नाही, तर हॉस्पिटलला मला ठेवता येणार नाही. मला वॉर्डातून काढून तळमजल्यावर पाठवलं. आणि एका हॉस्पिटलनं अशा कारणानं काढलेली नर्स सोलापुरात दुसरं कुणी दारात उभी करत नाही, हे कुणी मला सांगायची गरज नव्हती.

घरी आईला सांगितलं. माझ्या आईनं सारा जन्म भवानी पेठेतल्या एका कारखान्यात शाळेचे युनिफॉर्म शिवण्यात घालवला. लोकांच्या पोरांच्या शर्टांना कॉलर लावून लावून तिनं मला नर्सिंगला घातलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू हात लावलास का त्याला?"

"नाही."

"मग कुटं बी सही करू नकोस."

ती भाकरी थापायला लागली. थापता थापता तिचे हात मध्येच थांबले आणि परातीवर तसेच राहिले. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

तळमजल्यावर ऑपरेशनची अवजारं आणि कापडं वाफेवर निर्जंतुक करायची खोली होती. तिथं माझं काम म्हणजे गॉजच्या थानाचे तुकडे कापायचे, घड्या घालायच्या, पत्र्याच्या डब्यांत भरायच्या आणि डबे वाफेच्या यंत्रात सरकवायचे. खिडकी एक, तीही छताजवळ. वाफेनं सगळं पांढरं झालेलं असायचं, गॉज पांढरा, भिंत पांढरी, माझे कपडे पांढरे, आणि दिवसभरात माणूस म्हणून कुणी दारात डोकावलं तर डोकावलं. कापून कापून हात आपोआप चालायला लागायचे आणि मी कुठंतरी निघून जायची.

मी पुन्हा पुन्हा त्या पडद्याआड जायची. हिरवा उजेड, जड डोळ्यांची अव्वा, भिंतीवर थरथरणारा उन्हाचा तुकडा. मी पाठ करते. बांगड्या वाजतात. कानडीतलं पुटपुटणं. पहिल्या दिवशी मी तेवढंच बघितलं. पण सतत बघत राहिलं की डोळे आपल्या मनानं भर घालतात. एका दुपारी मी त्या भिंतीकडं तोंड करून उभी होते आणि मला माझाच हात मागं जाताना दिसला. तो अव्वाच्या गळ्याशी गेला, दोऱ्याची गाठ सोडली आणि डबी उचलली. बोटांना तिचा गारवासुद्धा लागला. मी घाबरून कात्री खाली ठेवली. 'असं काही झालं नाही,' मी मोठ्यानं म्हटलं. यंत्र फुसफुसत राहिलं.

त्यानंतर तो हात रोज यायला लागला. मी गॉज कापायची आणि तो माझ्या पाठीमागं गाठ सोडत असायचा. सगळेच म्हणताहेत, अव्वा स्वतः म्हणतेय, तर मग खोटं मीच बोलत असेन का? कामाच्या नादात सोडलं असेल, ट्रेमध्ये टाकलं असेल, विसरले असेन? माणसं विसरतात की. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती निदान कुणाला सांगता येण्यासारखी होती. आपण काय केलं आणि काय नाही हे आपल्यालाच ठाऊक नसणं, ही भीती मी आईलासुद्धा सांगू शकले नाही.

एकदा निर्जंतुक केलेले डबे पोचवायला वर गेले होते. वॉर्डाच्या दारातून अव्वा दिसली. तिच्या जखमेत पाणी धरलं होतं, ताप येत होता, म्हणून तिचा मुक्काम वाढला होता. समोर सुनेनं भाताची पेज ठेवलेली. अव्वानं कपाळाला विभूती लावली, डावा तळहात छातीसमोर धरला आणि त्याच्याकडं बघत ओठ हलवायला लागली. रोज जेवायच्या आधी त्याच तळहातावर लिंग ठेवून ती पूजा करत आली होती. आता हात रिकामा होता आणि ती त्या रिकाम्या हाताचीच पूजा करत होती. उन्हात तिचा तळहात आतून पेटल्यासारखा दिसत होता.  तिचं काहीतरी मीच घेऊन बसलेय, असं मला अगदी आतून वाटलं.

मग एके सकाळी ओपीडीच्या ड्रेसिंगच्या खोलीत मी गॉजचे डबे ठेवत होते आणि मागून घसघशीत आवाज आला, "अगं बया, ही आपली पडदा लावणारी सिस्टर हाय की!"

माढ्याची बाई. टाके काढायला आली होती, तेवढ्यात काढूनही झाले होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं पोट धरलेलं.

"बरं झालं भेटलीस. माज्या शेजारची कानडी अव्वा अजून वरच हाय का घरी गेली? तिचं लिंग हाय माज्याकडं."

 तिनं पदर बाजूला करून दाखवलं. गळ्यात दोन दोरे होते, दोन डब्या.

"खाली ठिवलं न्हाय कुटं. माज्या लिंगासंगं रोज पूजा केली," ती म्हणाली. "त्या दिवशी तू तिकडं भिंतीला तोंड करून उभी, आन् हिनं पडद्याच्या फटीतनं हात घातला की माज्याकडं. सकाळीच ठरलं हुतं आमचं. म्हटली, मी येईस्तोवर तुज्या गळ्यात ठेव. मी म्हटलं, अगं, तुजा ल्योक हाय, सून हाय, त्यांच्याकडं दे. तर म्हटली, पोरगं गळ्यात घालत न्हाय. फ्लॅटात देव्हाऱ्यात ठिवून दिलंय म्हणं. सुनंचं बी तसंच. जे स्वतः घालत न्हाय त्याच्या हातात कसं द्यायचं? आन् पोराला सांगू नको म्हटली, त्याला लागंल. तिला आत नेली आन् माजी गाडी आली, मी गेले. टाके काढायला येईन तवा देईन म्हटलं."

मला आधी काय जाणवलं असेल तर तो हात. तो एकदम माझ्याकडं परत आला. मी माझे दोन्ही हात समोर धरून बघितले आणि मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. माढ्याची बाई घाबरली. "काय झालं गं?" मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता लालबुंद झाली. "माज्यापायी? चल आत्ताच्या आत्ता वर!"

जिना चढताना मला राग चढत गेला. हे मी लपवत नाही. तो मुलगा माझं आडनाव वाचत उभा होता, ते मला पायरीपायरीला दिसत होतं. वर जाऊन सगळ्यांदेखत त्याला सांगायचं, असं मी ठरवलं. मग वाटलं, नको, अव्वा म्हातारी आहे, लिंग मिळालं की आपोआप सगळं मिटेल. वॉर्डाच्या दारापाशी पोचले तेव्हा यातलं नक्की काय करणार हे मला ठाऊक नव्हतं. मी मेट्रन मॅडमना तेवढं बोलावून घेतलं.

मुलगा आईजवळ बसला होता. माढ्याच्या बाईनं गळ्यातला एक दोरा सोडला, डबी डोळ्यांना लावली आणि अव्वाच्या ओंजळीत ठेवली. अव्वाचा चेहरा काय उजळला! तिनं डबी कपाळाला लावली, छातीला लावली, पुन्हा कपाळाला लावली. क्षणभर मीसुद्धा सगळं विसरले.

"तुमच्याकडं कसं आलं हे?" मुलगा उभा राहिला.

माढ्याची बाई तोंड उघडणार, तोच अव्वानं तिच्या पदराचं टोक धरून ओढलं. मग तिनं मुलाकडं बघितलं, जसं त्या दिवशी सकाळी बघितलं होतं अगदी तसंच, आणि म्हणाली, "सिस्टरनंच दिलं असंल तिला. मला काय ठावं? मी झोपेत हुते."

मला वाटतं अव्वा दुसऱ्यांदा खोटं बोलली नसती तर मी गप्प बसले असते. मॅडम माझ्याकडं वळल्या. मुलाचा आवाज चढला, "बघा! म्हणजे हात लावलाच होता हिनं!" मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"दादा," मी म्हटलं, "तुमच्या गळ्यातलं दाखवा की."

"माझं काय त्यात?"

"काही नाही. नुसतं दाखवा. तुमच्या आईनं ते तुमच्या हातात का दिलं नाही, ते मॅडमना कळू दे."

त्याचा हात कॉलरशी गेला. तिथंच थांबला. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या, त्यांच्यात त्याच्या समाजाच्याही दोघी-तिघी होत्या. त्यानं आईकडं बघितलं. अव्वानं तोंडावर पदर घेतला होता. तेव्हा मग माढ्याची बाई बोलली, आणि तिला हळू बोलता येत नव्हतं. सगळ्या वॉर्डानं ऐकलं.

मुलगा मॅडमना "सॉरी" म्हणाला. मॅडमना, मला नव्हे. तक्रार त्यानं त्याच दिवशी परत घेतली. दाराशी मोबाईल घेऊन आलेला माणूस पुन्हा काही फिरकला नाही. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "झालं गेलं सोडून दे, उद्यापासून वॉर्डात ये." त्यांच्या आवाजात इतकी सुटका होती की मला त्यांच्यावर चिडताही आलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला ठावं हुतंच की," आणि देवासारखी शांत बसून राहिली. पण त्या रात्री तिनं गोडाचा शिरा केला.

वॉर्डात परतल्यावर मी एक गोष्ट बदलली. आता मी पाठ करत नाही. पडदा ओढते, समोर उभी राहते आणि विचारते, "कुणाच्या हातात देताय?" देईपर्यंत बघते. कुणाला आवडत नाही, कुणी पट्टी वाचतं. वाचू दे.

अव्वाचे टाके निघाले तो दिवस मात्र मला आजही झोपेत पडलेल्या स्वप्नासारखा वाटतो. दुपारची वेळ, पडदा ओढलेला, तोच पाण्याखालचा उजेड. मी चिमट्यानं एकेक टाका काढत होते आणि ती छताकडं बघत होती. लिंग तिच्या गळ्यात होतं, श्वासाबरोबर वरखाली होत होतं. मुलगा खाली बिल भरायला गेला होता. त्या दिवसापासून तो वॉर्डात फार वेळ थांबत नसे. आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्दही बोललो नव्हतो.

शेवटचा टाका निघाला तेव्हा ती म्हणाली, "तू बोलायला नको हुतं, तंगी."

मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

"लिंग सापडलं हुतं," ती म्हणाली. "तुजी नोकरी ऱ्हायली असती. चार लोकांत त्याची मान खाली गेली. आता माज्याशी धड बोलत न्हाय." तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. "माजं पोर हाय गं ते."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी गॉजनं तिच्या कानाजवळचं पाणी टिपलं.

"मीबी कुणाची तरी पोरच हाय, अव्वा," मी म्हटलं.

ती मान वळवून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.